भरल्या पानावरून

सिनेमाच्या पडद्याकडे पाठ करून बसणारा मुंबईत मी एकटाच असेन. लालबागच्या एका थिएटरात पडद्याखाली लाकडी स्टूल टाकून मी दुपारच्या खेळाला बसायचो, तोंड प्रेक्षकांकडे. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर पडायचा आणि मला हवं ते सगळं दिसायचं. गिरगावात आमचं एक अभ्यासमंडळ होतं. तिथली मंडळी परदेशी पुस्तकं वाचून सिनेमाच्या कलेवर तासन्‌तास बोलत, पण तिकीट काढलेला माणूस नेमका कुठे हसतो आणि कुठे घसा खाकरतो, हे बघायला त्यांतला एक जण लालबागला येईल तर शपथ. उंटावरून शेळ्या हाकणं मला जमत नाही.

याचा अर्थ मला ते थिएटर आवडत होतं असा नाही. बाकांखाली संत्र्यांची सालं, विड्यांची थोटकं, भिंतीवर टेकलेल्या डोक्यांचे तेलकट डाग, कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. माझं नाक तिखट आहे आणि मन त्याहून. घरी भातात खडा लागला की माझं जेवण संपतं. माझी बायको लक्ष्मी या बाबतीत माझ्यापुढे हात टेकलेली. "पाखरासारखं टिपता नुसतं. एकदा पोटभर जेवलात तर माझा जीव शांत होईल," असं ती रोज म्हणायची.

चिंतामणी आमच्याच चाळीत वाढलेला, आता चित्रपट निर्माता. सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर तो एका सकाळी घरी आला आणि चहाला हात न लावता म्हणाला, "रघुवीरराव, लोक थुंकतायत."

"कुठे?"

"माझ्या पिक्चरवर. लालबागला."

पिक्चरचं नाव सांगून त्याची जाहिरात करण्याची माझी इच्छा नाही. इनामदाराच्या घरचं लग्न, मधोमध जेवणावळीचा मोठा प्रसंग, बाकी रडारड. पहिला आठवडा उत्तम गेला. दुसऱ्या आठवड्यापासून जेवणावळ सुरू झाली की लालबागचे प्रेक्षक उठून बाहेर जात आणि थुंकत. दादरला नाही, गिरगावात नाही, फक्त तिथे. पुढच्या महिन्यात पिक्चर पुण्या-कोल्हापूरला जायचं होतं. तो प्रसंग ठेवायचा की कापायचा, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं.

"तुम्ही पब्लिकचे डॉक्टर. तुम्ही म्हणाल तसं करतो," तो म्हणाला. मी सुखावलो, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी मी स्टुलावर जाऊन बसलो. आधी सरकारी बातमीपट लागला. कुठलासा मंत्री फीत कापताना दिसला आणि सगळं थिएटर 'झालाच पाहिजे!' म्हणून ओरडलं. ते दिवसच तसे होते. गोळीबारात गेलेल्यांच्या नावाचे फलक अजून नाक्यानाक्यावर होते, आणि सरकारी माणूस अंधारात दिसला तरी लोक सोडत नसत. मग पिक्चर सुरू झालं, लोक शांत झाले, हसायच्या जागी हसले, बायकांनी रडायच्या जागी नाक पुसलं.

माझ्या मागे सनई वाजू लागली. पंगत बसली होती.

पहिल्यांदा समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याचा जबडा हलला. तोंडात काही नसताना तो चावत होता. मग त्याच्या शेजारचा. मग मागची ओळ. बघता बघता सगळं थिएटर सावकाश, एका लयीत चावायला लागलं, डोळे पडद्यावर आणि गाल हलतायत. गोठ्यातली गुरं रवंथ करताना दिसतात तसं ते दिसत होतं. मग एकेकाचं नाक आक्रसलं, ओठ वाकडे झाले आणि लोक तिथेच, बाकांच्या मधे, स्वतःच्या पायांवर थुंकू लागले. एक गडी पोटाशी वाकून कोरड्या ओकाऱ्या काढत दाराकडे पळाला. मला इतकी शिसारी आली की मी रुमाल तोंडावर दाबून धरला.

आणि त्या रुमालातून वास आला. घासलेटचा.

वास खरा होता, कारण तो सगळ्यांनाच आला. दारावरच्या माणसाने धावत येऊन दिवे लावले. चळवळीच्या दिवसांत कुणी बोळे भिजवून आणले असतील, थिएटर पेटवायचा बेत असेल, असं वाटून बाकांखाली, पडद्यामागे, मुतारीत शोधाशोध झाली. सालं आणि थोटकं यांशिवाय काही सापडलं नाही. मी मनाशी नोंद केली: गर्दी एकमेकांचं अनुकरण करते. एकाला मळमळलं की दहांना मळमळतं. पुस्तकात हे सगळं आहे.

पण एक बाई थुंकली नव्हती. बायकांच्या बाकावर टोकाला बसलेली, नऊवारी, डोक्यावर पदर, हात मांडीवर. सगळे ओकत असताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी माझ्या घरी कधीतरी पाहिलेलं होतं. आपण केलेलं कुणी आवडीनं खातंय, हे बघणाऱ्या बाईचं समाधान.

दुसऱ्या दिवशी मी माझा नियम मोडला आणि पडद्याकडे तोंड करून बसलो. हा प्रसंग मी निर्मात्याच्या खाजगी खेळात पाहिला होता. केळीची पानं, भाताच्या मुदी, पुऱ्या, जिलब्या, वडे, आणि ओळीने बसलेले भाडोत्री वऱ्हाडी. सगळे घास तोंडाजवळ नेत होते, खात मात्र कुणी नव्हतं. ओळीतला चौथा माणूस गालफडं बसलेला, कुडता दुसऱ्याच्या मापाचा. तो खात होता. बोटं चाटत, खाली मान घालून खात होता. त्याच्या पानावरच्या पुऱ्या संपल्या होत्या.

मी वर ऑपरेटरच्या खोलीत गेलो, त्या प्रसंगाची फिल्मची पट्टी मागून घेतली आणि भिंग लावून दिव्यासमोर धरली. चित्रामागून चित्र तपासलं. चौथ्याचं पान शिगोशीग भरलेलं होतं, पुऱ्यांसकट. तो घास हातात धरून नुसता बसला होता. मी संध्याकाळचा खेळही पाहिला, तीच पट्टी, तेच यंत्र. पडद्यावर वडेही गेले होते.

खेळ सुटल्यावर ती बाई पायऱ्यांवर चपला घालत होती. तिचं नाव कौसल्या. मी विचारलं, तेव्हा तिने आधी माझ्या कोटाकडे पाहिलं आणि मग सांगितलं.

"तो चौथो बसलो हा ना, तो माझो घोव. कोंडीराम."

"खातोय तो?"

"तुमकाय दिसता?" ती हरखली. "काल पुरी खाल्ल्यान. आज वडे. आता भात रवलो हा."

"हे कसं शक्य आहे, बाई?"

"ता माका काय म्हाईत? भुको होतो तो. भुकोच गेलो." मग ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "थिएटरवाले म्हणतत, तुम्ही सांगशाल तर तो सीन कापतले. नको, साहेब. पोट भरला काय तो आपणच उठतलो. तवसर भरल्या पानावरसून उठवू नकात तेका."

तिचा नवरा गिरणीत बदली कामगार. बदलीचं काम मिळेना, म्हणून सिनेमाला एक्स्ट्रा पुरवणाऱ्या दलालाच्या रांगेत उभा राहिला होता. शूटिंगहून घरी आला तो उलट्या करतच. दोन दिवसांनी गेला. पिक्चर लालबागला लागल्याचं तिला आठवड्याने कळलं, तेव्हापासून ती रोज येत होती. तिच्या सांगण्यात राग नव्हता. ती फक्त भात किती राहिलाय, त्याचा हिशेब करत होती.

मी तडक दादरला स्टुडिओत गेलो. चिंतामणी खुर्चीत रेलून जेवत होता. कोंडीराम म्हटल्यावर त्याला काही आठवलं नाही. घासलेट म्हटल्यावर आठवलं.

"अहो, ते होय! पंगतीचं शूटिंग म्हणजे तीन-तीन दिवस चालतं. खरं अन्न लागतं, क्लोजअपमधे मातीच्या पुऱ्या कळतात. आणि ही एक्स्ट्रा जात, पानासमोर बसवली की टेक व्हायच्या आत साफ करते. मग मारायचं थोडं घासलेट वरून. सगळेच करतात. धंद्याची रीत आहे."

"त्याने ते खाल्लं."

"त्याला कुणी खा म्हणून सांगितलं होतं?" असं म्हणून त्याने वरणभाताचा घास तोंडात टाकला आणि बोटं चाटली.

माणसाची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. थुंकणारे लोक त्याच्यासमोर देवमाणसं वाटले. पुस्तकांची आठवण झाली आणि त्यांचीही किळस आली. प्रतिमा, प्रेक्षक, धंदा यांवर आम्ही एवढं बोललो, पण पानावर शिंपडलेल्या घासलेटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मला हे सगळं डोळ्यांसमोरून जायला हवं होतं. तो वास, ते हलणारे जबडे, खाली मान घालून खाणारा तो माणूस.

"मग? काय करू?" चिंतामणीने विचारलं.

"कापा," मी म्हणालो.

कौसल्याचं बोलणं मी विसरलो नव्हतो. पण मेलेल्या माणसाचं पोट भरतं यावर विश्वास ठेवून मी सल्ला द्यायचा, हे कुठल्या शहाण्याला पटेल? मला नाही पटलं.

पट्टी दुसऱ्या दिवशी खेळाआधी कापली. मी पुन्हा स्टुलावर बसलो, पडद्याकडे पाठ, कारण परिणाम बघायचा होता. सनई सुरू झाली आणि मधेच तुटली. गाणं लागलं.

कुणी चावलं नाही. कुणी थुंकलं नाही.

फक्त सगळ्यांचे डोळे पडद्यावरून खाली उतरले. सावकाश, एकदम. पडद्याच्या कडेवरून कुणी पाय टाकत उतरावं आणि लोकांनी त्याच्याकडे बघत राहावं, तसे. ते माझ्या स्टुलाच्या शेजारी येऊन थांबले.

मी मान वळवली. शेजारी कुणी नव्हतं.

घासलेटचा वास होता.

कौसल्या बाकावरून उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उठवलात," ती एवढंच म्हणाली. "भात तसोच रवलो."

मी घरी आलो. लक्ष्मीने ताट वाढलं. वरणभात, लिंबाची फोड, भोपळ्याची भाजी. मी पहिला घास उचलला आणि तोंडापर्यंत नेता नेताच वास भपकन नाकात शिरला. घास खाली ठेवला. मोरीवर जाऊन तोंड धुतलं, पाण्याचे सपकारे मारले, ओकारी दाबली.

परत आलो तर ताट रिकामं होतं. वाटीसुद्धा पुसून घेतलेली. भाताचं एक शीत नव्हतं.

लक्ष्मी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. वळून तिने ताट पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "आज एवढी भूक? थांबा, आणखी वाढते."

तिने भात वाढला. मी फक्त पाण्याचं भांडं उचललं, तोंडाला लावलं, खाली ठेवलं. भात संपला होता.

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. हॉटेलात गेलो तरी तेच, डबा नेला तरी तेच. चुकून एखादा घास तोंडात गेलाच, तर तो घासलेटात बुडवलेला असतो आणि मी तो थुंकतो, थेट रस्त्यावर, चारचौघांत, लालबागच्या लोकांसारखा. केळं, चणे, चहा यांवर जगतो. तेही निम्मे पोटात राहत नाहीत. पिक्चर पुण्यात जोरात चाललं, चिंतामणीने पेढे पाठवले, त्यांचाही डबा उघडला तेव्हा रिकामा निघाला. कोट अंगावर लोंबतो. डॉक्टरला काही सापडत नाही. लक्ष्मी शेजारणींना कौतुकाने सांगते, "हल्ली हे दोन वेळा भात घेतात. अंगी कसा लागत नाही, देव जाणे."

काल भोईवाड्याच्या नाक्यावर कौसल्या दिसली. मोर्चा चालला होता, गर्दी होती, तरी तिने मला ओळखलं. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. माझ्या डाव्या हाताला, जरा मागे पाहिलं. पदर डोक्यावर ओढून घेतला. आणि नवऱ्याला विचारावं तसं हलक्या आवाजात विचारलं, "भरला पोट?"

मला काहीच ऐकू आलं नाही. घोषणा चालल्या होत्या.

तिने मात्र नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर तेच समाधान होतं.

"आजून नाय, साहेब," ती म्हणाली. "बाईंक सांगा, भात जरा जास्ती घालूक."