धाकटीची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना आकडे देत नाहीत. मागे एकदा इंग्रजी सहाची पट्टी उलटी चिकटली, सगळ्यांनी ती नऊ म्हणून वाचली आणि महिन्याभराचं काम पाण्यात गेलं. तेव्हापासून घरच्यांची नावं लिहायची. साहेबांची कल्पना, दुसरं काय!

माझ्या दोन बाटल्या, आई आणि धाकटी. दोन्हींत गोबरगॅसच्या टाकीतला गाळ, त्यावर भाजीच्या कचऱ्याचा लगदा. गाळातले जंतू तो खाऊन मिथेन सोडतात आणि नळीतून बुडबुडे येतात. सोमवारी मी 'धाकटी'त जंतूंना रोखणारं रसायन घातलं. 'आई' तुलनेसाठी तशीच ठेवली.

मंगळवारी 'धाकटी'तले बुडबुडे थांबले. त्याच दिवशी घरी माझ्या धाकट्या बहिणीने ताट बाजूला सरकवलं.

"भूकच नाही गं, ताई."

"नखरे पुरेत," मी म्हणाले.

बुधवारी तिला पाणीही जाईना. गुरुवारी डॉक्टर म्हणाले, तपासण्या सगळ्या ठीक आहेत. तिचे हात गार पडले होते. आई उशाशी बसून नुसती माझ्याकडे बघत होती. मी शिकलेली ना, मला काहीतरी सुचायला हवं. पण काहीच सुचत नव्हतं.

शेवटी जे सुचलं, ते सांगायची लाज वाटते. शुक्रवारी सकाळी बाटलीवरची 'धाकटी' नावाची पट्टी खरवडून काढली. काही फरक नाही. एकदा मिसळलेलं रसायन परत काढता येत नाही. मग निम्मा गाळ ओतून दिला, टाकीतला ताजा गाळ भरला, वर लगदा घातला आणि स्टुलावर बसून राहिले.

"अगं, प्रयोग वाया घालवलास!" साहेब ओरडले.

घालवला.

दुपारी एक बुडबुडा आला. मग दुसरा.

फोन वाजला. आई रडत होती, हसतही होती. "उठली गं! खातेय. थांबतच नाहीये!"

मी स्टुलावरून उठले. "काय दिलंस तिला?"

"मी कुठे काय दिलं?" आईचा आवाज उतरला. "ओट्याखालची कचऱ्याची बादली तिनेच ओढून घेतली. मी काढायला गेले, तर सोडेना."

समोर बुडबुडे भराभर येत होते. रसायनाची कुपी हाताशी होती. तिला हात लावायची माझी छाती झाली नाही.

बाटलीतला लगदा संपत आला होता.

फोन धाकटीने घेतला. तिचं तोंड भरलेलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "आणखी घाल ना."