मधली जागा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या घरात घडली ती माझी नेडीन मावशी आणि तिचा दुसरा नवरा ऑर्विल अजून कॅन्ससात त्याच घरात राहतात. गाडीही तिथेच आहे. ऑर्विलने मला हे एकदाच सांगितलं. परत विषय काढला की तो उठून जातो.

२००९ सालचा नोव्हेंबर. तिसरा रविवार. दुपारचे पावणेचार...

रात्र नव्हती. लख्ख ऊन पडलं होतं.

गाडी म्हणजे १९६६ सालचा पिकअप ट्रक. मावशीच्या पहिल्या नवऱ्याचा, हॉयटचा. हॉयट सव्वासहा फुटी धिप्पाड गडी. एका सकाळी अंगणातच, इंजिन चालू असताना, स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला. मावशी शेजारीच होती.

शेजारी म्हणजे अगदी खेटून. त्या गाडीला पुढे एकच सलग लांब सीट. आमच्याकडे जिचा नवऱ्यावर जीव असतो, ती मध्ये सरकून त्याला चिकटून बसते. भांडण झालं की खिडकीपाशी. घरातली खबर गावाला गाडीच्या काचेतून कळते.

ऑर्विलशी लग्न होऊन चार वर्षं झाली होती. चारही वर्षं मावशी खिडकीपाशी बसत होती.

भांडण कसलंच नव्हतं. मावशी त्याला जपायची, रविवारी त्याच्या आवडीचं मांस भाजायची, त्याच्या विनोदांना हसायचीसुद्धा. पण मधली जागा रिकामीच.

ऑर्विल आतल्या आत जळायचा. जिवंत माणूस असता तर दोन हात तरी करता आले असते. मेलेल्याशी भांडायचं कसं?

शेवटी त्याने सगळा राग स्टिअरिंगवर काढला. हॉयटच्या हातांनी ते दोन जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. मावशीची नजर सारखी तिथेच जायची.

"हा स्टिअरिंगखालचा जुना कॉलम धोक्याचा आहे गं," तो म्हणाला. "अख्खा लोखंडी दांडा. टक्कर झाली तर सरळ छातीत घुसेल. नवा बसवतो, वरखाली होणारा. मला बुटक्यालाही बरं पडेल."

"बसव की," मावशी म्हणाली. "फक्त वरचं स्टिअरिंग हॉयटचंच राहू दे. एवढं माझ्यासाठी कर."

झालं! आगीत तेल पडलं.

भंगारवाल्या ग्रेडीने त्याला १९७८ सालच्या ट्रकमधला कॉलम काढून दिला. वर मुठीएवढा लोखंडी जोड हातात ठेवला.

"तुझं जुनं स्टिअरिंग यावर आपसूक बसायचं नाही. हा जोड मध्ये घाल, मग बसतं. घे, फुकट घे. नेडीनला माझा नमस्कार सांग."

ऑर्विलने जोड खिशात घातला. वाटेतल्या ओढ्यावर गाडी थांबवली आणि पाण्यात फेकून दिला.

दोन शनिवार खपून त्याने नवा कॉलम बसवला, त्याच्यावर त्याच्यासोबत आलेलं काळं स्टिअरिंग ठेवून. मग हॉयटचं स्टिअरिंग घेऊन स्वयंपाकघरात गेला.

"नाही बसत गं. खूप खटपट केली."

मावशीने ते हातात घेतलं. झिजलेल्या जागी अंगठे ठेवले.

"नाही बसत, तर नाही," ती म्हणाली.

सोमवारी ते भंगारात गेलं. ऑर्विलला चार वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

मंगळवारी सकाळी तो गाडीत बसला, आणि स्टिअरिंग नीट हाताला येईना...

आदल्या संध्याकाळी त्याने ते खाली ओढून आपल्या मापाचं केलं होतं. आता ते अगदी वरच्या खाचेत होतं.

उंच माणसाला लागतं तसं.

त्याने खाली ओढलं. बुधवारी पुन्हा वर. गुरुवारी पुन्हा.

"नेडीन, माझ्यामागे गाडी कोण चालवतं?"

"कोण चालवणार? किल्ली तुझ्या खिशात."

"मी कामावर गेलो की ग्रेडी येतो का इकडे?"

मावशी खो खो हसली. "ग्रेडी? अरे, त्याला सकाळी स्वतःची कवळी सापडत नाही, तो काय माझ्या मागे लागणार!"

ऑर्विलला हसू आलं नाही. शनिवारी त्याने गाडीच्या शेडला नवं कुलूप ठोकलं. कुलपाची आणि गाडीची, दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात.

रविवारी चर्चहून आले, जेवले. तो खुर्चीत पेंगत होता. आत मावशी भांडी घासत होती.

भांड्यांचा आवाज थांबला...

मग इंजिन सुरू झालं.

त्याने खिसा चाचपला. दोन्ही किल्ल्या होत्या.

तो शेडकडे धावला. कुलूप जसंच्या तसं बंद. आत इंजिन एका लयीत चालू. त्याने कुलूप काढलं, दार ढकललं.

धुराचा वाससुद्धा नव्हता...

नव्या गाडीची किल्ली कॉलमवरच लागायची; ती जागा रिकामी होती. पण डॅशबोर्डवर हॉयटच्या जुन्या किल्लीचं भोक होतं, आणि त्यात ती जुनी किल्ली फिरलेली होती. त्या भोकामागच्या सगळ्या वायरी ऑर्विलने स्वतःच्या हाताने कापल्या होत्या.

स्टिअरिंग वरच्या खाचेत.

चालकाच्या जागेवर कोणी नव्हतं. पण गादी खोल दबली होती.

आणि मावशी मध्ये बसली होती. डोळे मिटलेले. डोकं डावीकडे, चालकाच्या बाजूला कलतं, हवेत टेकलेलं... बरोबर एखाद्या उंच माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर.

"नेडीन..." तो दारातूनच म्हणाला. "नेडीन, जोड होता गं. मी ओढ्यात टाकला. ते बसलं असतं."

तिने डोळे उघडले. राग नव्हता. इतक्या सुखात त्याने तिला कधीच पाहिलं नव्हतं, आणि तेच त्याला सहन होईना.

"अरे, उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "ये ना. खिडकीपाशी जागा आहे."

पुढे काय झालं ते ऑर्विल सांगत नाही.

गेल्या ईस्टरला मी चर्चबाहेर उभा होतो. त्यांची गाडी आली. मावशी मध्ये होती. ऑर्विल खिडकीपाशी, टोपी मांडीवर घेऊन बाहेर बघत होता.

मी मान खाली घातली. मावशीच्या पलीकडे, चालकाच्या जागेकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.