लुआनच्या वाट्याचा लॅपटॉप

साल २०१२. ह्युए शहरातली आमची उदबत्तीवाल्यांची गल्ली. हे घडलेलं आहे. न्येनची आई थेम हिने उदबत्त्या वळता वळता मला सांगितलं, आणि न्येन शेजारी मान खाली घालून बसली होती. एकदाही तिने ‘नाही’ म्हटलं नाही.

भुतं रात्री येतात म्हणे.

ही गोष्ट भर दुपारची आहे. जेवून सगळी गल्ली चटईवर आडवी होते, कुत्रंही भुंकत नाही, त्या वेळेची.

न्येनचा मोठा भाऊ लुआन त्या वर्षी मोटारसायकल घसरून गेला. पोरगा हुशार, पण आपल्या वस्तूला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. लहानपणी दोघांना अभ्यासाला एकच टेबल. लुआनने त्यावर मधोमध खडूची रेघ ओढली होती. न्येनचं कोपर पलीकडे गेलं की लोखंडी फूटपट्टी बसायची.

आणि रेघ रोज थोडी तिच्याकडे सरकायची.

तिच्या हातावरचे वळ मी पाहिलेत.

तो गेल्यापासून एकोणपन्नासाव्या दिवशी, त्याला तिकडे पोचावं म्हणून, थेमने लुआनच्या नावाने कागदाचं घर जाळलं, कागदाचे कपडे जाळले, कागदाचा लॅपटॉपही जाळला. खरा लॅपटॉप पूर्वजांच्या देव्हाऱ्याखाली राहिला.

न्येनला तोच हवा होता. कॉलेजचा शेवटचा प्रकल्प लिनक्सवर करायचा होता, आणि ती प्रणाली लॅपटॉपवर वेगळी बसवावी लागते. ती एकदा नापास झाली होती. या वेळी प्रकल्प गेला की पदवी गेली.

“त्याचं काही पुसायचं नाही हं,” थेम म्हणाली.

“पुसत नाही गं आई. दोन भाग करू. एकात दादाचं जसंच्या तसं, दुसऱ्यात माझं.”

“मग आधी त्याला विचार.”

आमच्याकडे गेलेल्या माणसाला विचारायचं तर बशीत दोन नाणी टाकतात. नाण्यांच्या एका बाजूला चुना लावलेला असतो. एक पांढरं आणि एक काळं पडलं की होकार. दोन्ही सारखी पडली की नकार. तीनदाच विचारायचं.

न्येनने टाकली. दोन्ही पांढरी.

पुन्हा दोन्ही पांढरी.

तिसऱ्यांदाही...

थेम चहा आणायला आत गेली होती. न्येनने बोटाने एक नाणं उलटं केलं.

“आई! हो म्हणाला दादा!”

दुसऱ्या दुपारी तिचा वर्गमित्र बाओ लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन आला.

“तुझा दादा असता तर माझे हात तोडले असते त्याने.”

“म्हणून तर आत्ता बोलावलं. बडबड करू नकोस.”

“रेघ कुठे ठेवू?”

“मधोमध.”

बाओने पडद्यावरची रेघ मधोमध नेऊन सोडली. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. काम झालं तेव्हा पडद्यावर दोन नावं होती.

“वरचं तुझं, खालचं त्याचं. काही दाबलं नाहीस तर तुझंच उघडेल.”

दुसऱ्या दिवशी न्येनने लॅपटॉप सुरू केला आणि पाणी प्यायला गेली. परत आली तर...

लुआनचं उघडलं होतं. पडद्यावर त्याच्या मोटारसायकलचा फोटो.

मग तिला जागा कमी पडू लागली. फाइल जपून ठेवावी तर जागाच नाही. बाओला पुन्हा बोलावलं.

“तू रेघ हलवलीस?”

“मी कशाला हलवू?”

“तुझा भाग निम्मा झालाय. आपोआप नाही होत हे, बये.”

त्याने रेघ पुन्हा मधोमध ओढायला घेतली.

फट्!

बाओने हात मागे घेतला. बोटांवर लाल वळ उठला होता. तो चपला न घालताच पळाला.

त्यानंतर रोज दुपारी देव्हाऱ्याकडून आवाज यायचा... लोखंड लाकडावर आपटल्यासारखा. न्येन कानात बोळे घालून काम करायची. तिने प्रकल्प पेन ड्राइव्हवर उतरवून कॉलेजात नेला. तिथे उघडून पाहिलं.

आत फक्त मोटारसायकल.

प्रकल्प द्यायच्या आदल्या दुपारी तिने लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर एकच नाव होतं.

तिचं नव्हतं.

तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. कळफलकावरून एक पांढरी रेघ गेली होती... टेबलावरून जमिनीवर उतरली होती... आणि तिच्या झोपायच्या चटईवर चढली होती. अगदी कडेला. तिच्या बाजूला वीतभर जागा उरली होती.

तिने बोट लावलं. चुना.

“न्येन,” थेम देव्हाऱ्यापाशी बशी घेऊन उभी होती. दोन्ही नाण्यांवरचा चुना खरवडून काढलेला. “खरं सांग. तो हो म्हणाला होता?”

न्येन चटईवरची रेघ तळहाताने पुसू लागली.

फट्!

या वेळी आवाज तिच्या अगदी कानाशी आला.

थेमने लॅपटॉप, त्यातल्या सगळ्या फोटोंसकट, लुआनच्या थडग्याशेजारी पुरला. ती २०१९ साली गेली. बाओचं आता दानांगला दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉप हातात घेण्याआधी तो विचारतो, “मूळ मालक जिवंत आहे ना?” न्येनला पदवी मिळाली नाही. ती होइआनला कपडे शिवते. एकटीच राहते.

मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले होते. खिडकीशी भलंमोठं टेबल, आणि बाई एका टोकाला अंग चोरून कापड कापत होती.

“अगं, नीट पसरून बस की! एवढं टेबल तुझ्या एकटीचं.”

तिने मान वर केली नाही.

“हळू बोला मावशी,” ती म्हणाली, आणि हातातल्या कात्रीने टेबलावर हातभर पलीकडची जागा दाखवली. पण कात्री तिथे टेकवली नाही. “गेल्या वर्षी मी तिथवर बसत होते.”