दचकणारी रेघ

लिफ्टचं दार उघडलं आणि त्याच्या काखेतला कीबोर्ड थेट माझ्या खांद्यावर आदळला.

"अरेरे! लागलं का?"

"मला नाही. त्या पट्ट्यांना विचारा."

तो हसला. मी मात्र हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर हसायला आले नव्हते. माझ्या मेंदूत, उजव्या कानाच्या बाजूला, एक छोटी गाठ सापडली होती. ती काढायलाच हवी होती. पण बसली होती नेमकी जिथे सूर कळतात तिथे. आणि मी शाळेत गाणं शिकवणारी! ऑपरेशनआधी डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली होती. दादा माझ्याहून जास्त घाबरून बाहेरच्या बाकावर बसला. मी आत गेले, तर... समोर तोच कीबोर्डवाला!

"या, बसा बाई," तो म्हणाला. "आता नाही आपटणार."

त्याने माझ्या डोक्यावर तारांची टोपी चढवली. एकेक बट अलगद बाजूला सारून तो गार जेल लावत होता.

"मी ओळीने कॉर्ड वाजवीन, म्हणजे तीन-चार सूर एकदम. दोन-चार ऐकल्या की पुढची कुठली येणार, हे मेंदू आधीच धरून चालतो. तीच आली, तर पडद्यावरची मेंदूची रेघ शांत. भलतीच आली, तर पापणी लवायच्या आत मेंदू दचकतो. हे बघा —"

ओळीतली शेवटची कॉर्ड त्याने भलतीच वाजवली, आणि पडद्यावरची रेघ टुणकन उडाली. आणि माझ्या हातांवर शहारा! याच शहाऱ्यासाठी तर मी गाण्यात पडले होते.

"आणि ही?" मी विचारलं. रेघ पुन्हा थरथरली होती. "आत्ता तर कॉर्ड वाजलीच नाही."

तो माझ्या कानापाशी सैल झालेली तार बसवत होता. "दात आवळले असतील तुम्ही..." तो पुटपुटला. त्याचेच कान लाल झाले होते.

तपासणीला पुन्हापुन्हा जावं लागलं. जायची भीती वाटायची, आणि जायची ओढही. एकदा धीर करून मी विचारलं, "ऑपरेशननंतर हे दचकणंच गेलं तर?"

घरात आईपासून वहिनीपर्यंत सगळ्यांचं एकच, 'काही होत नाही गं!' तो मात्र हळू म्हणाला, "जाऊ शकतं."

मी रडले. पण कुणीतरी खरं बोललं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"नंतरची तपासणी मी नाही करणार. आमच्या विभागातल्या वरिष्ठ ताई करतील."

"का? कंटाळलात?"

"तुमची रेघ सपाट आली, तर... मला बघवणार नाही. तपासणाऱ्याने असं असून चालत नाही."

"असं म्हणजे कसं?"

"प्रेमात पडलेलं."

मी त्याची बाही घट्ट धरली. "खूप भीती वाटतेय हो मला."

"मलाही," तो म्हणाला.

गाठ साधी निघाली. टाके सुकल्यावर ताईंसमोर बसले, त्यांनी कॉर्ड वाजवायला सुरुवात केली, आणि माझा जीव गोठला. कुणी रिकामे डबे एकावर एक रचावेत, तसा नुसता आवाज! शेवटची भलती कॉर्डही तशीच निघून गेली. शहारा नाही, काही नाही. हातपाय गार पडले.

"गेलं, ताई... सगळं गेलं!"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. रेघ उडाली होती. भित्री, बारीकशी... पण उडाली होती.

"मेंदूला कळलंय. तुझ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल, किंवा..." वाक्य अर्धंच सोडून त्यांनी त्याला आत बोलावलं.

त्याने आधी रेघ पाहिली, मग मला.

"मला काहीच जाणवत नाहीये," माझा आवाज फुटला. "कधीच परत आलं नाही तर? अशा बेसूर बाईचं काय करणार तुम्ही?"

"लग्न," तो म्हणाला, आणि स्वतःच गडबडला. "म्हणजे... तुम्हाला चालणार असेल तर..."

ताई हळूच दार ओढून बाहेर गेल्या. भीती गेली नव्हती. मी त्याचा हात हातात घेतला. तोही गारठलेला होता.

दारावर थाप पडली. "झालं का गं? काय म्हणाले?" दादाचा आवाज कापत होता.

"थांब ना जरा, दादा!" मी ओरडले. "मला अजून 'हो' म्हणायचंय."