गोलावरचं बाळ

कोलोनमधल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात मी कॅटलॉग लिहिते. दिसेल तेवढंच लिहायचं, अंदाज बांधायचे नाहीत, अशी तिथली शिस्त. हेही तसंच सांगते.

गेल्या ऑक्टोबरात मी एक रोमन चांदीचं नाणं घरी आणलं. होतं त्या काळातलंच, पण बनावट; आत तांबं, वर चांदी, म्हणून मला परवडलं. एका बाजूला सम्राज्ञी. दुसऱ्या बाजूला पृथ्वीच्या गोलावर बसलेलं नागडं बाळ, भोवती सात तारे. सम्राट डोमिशियनचा मुलगा तान्हेपणीच गेला, तेव्हा बापाने त्याला देव ठरवून नाण्यावर बसवलं. सत्ता असली की मेलेलं मूलही राज्याच्या कामाला येतं.

मला सातवा महिना होता. आधीची दोन बाळं राहिली नव्हती, म्हणून सासूबाई पुण्याहून लवकरच आल्या होत्या. आठवड्याने पाहते तर नाणं देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेलं, पुढ्यात लोणीसाखर.

"अहो आई, हे काय?"

"बाळकृष्णच ना गं? तुझ्या टेबलावर धूळ खात पडला होता."

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी लोणीसाखरेची वाटी मागे ओढली.

"मेलेलं... मूल?"

"हो. एकोणीसशे वर्षं होऊन गेली."

त्या हळूच म्हणाल्या, "मी रोज त्याला विनवत होते गं... हिच्या पोटी ये म्हणून..."

त्याच दुपारी पोटातली हालचाल थांबली. मी घाबरले, टॅक्सीने क्लिनिक गाठलं. डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. ठोका नाही. पुन्हा फिरवलं. नाहीच. मी छताकडे बघत मनात म्हटलं, कोणीही असलास तरी चालेल, पण ये.

ठोके सुरू झाले.

"आल्झो, दा इस्ट एर," त्या हसून म्हणाल्या. हा बघा, आला.

ओजस जानेवारीत झाला. वजन चांगलं, तपासण्या सगळ्या ठीक. सासूबाईंनी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नाही. तिकीट बदलून त्या परत गेल्या.

काल त्याला पहिल्यांदा बाहेर नेलं. ट्रामच्या थांब्यावर उणे सहा होतं. माझ्या तोंडातून वाफ निघत होती, शेजारच्या जर्मन आजींच्या, त्यांच्या कुत्र्याच्यासुद्धा. ओजस टक्क जागा होता, तोंड उघडं. त्याच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

आजी कौतुकाने बाबागाडीवर वाकू लागल्या. मी चटकन त्याच्या तोंडावरून शाल ओढली आणि म्हटलं, झोपलाय तो.