कूलरसमोरचा ॲम्प्लिफायर

“खर्रर्र… फट्!”

“अर्पित, तुझ्या ॲम्प्लिफायरच्या पोटात बेडूक शिरलाय!” सोनल ओरडली.

“परवापर्यंत गिटार मस्त वाजत होती गं यावर!”

पिंप्राळ्यात सोनलच्या अंगणातल्या कडुनिंबाला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका बांधून तयार होता. संध्याकाळी कॉलनीतल्या बाया गाणी म्हणायला जमणार होत्या. खूप दिवसांनी माहेरी आलेली कोकिळाआत्याही गाणार होती. पूर्वी तिचा आवाज चार गल्ल्या ओलांडायचा. गळ्याच्या ऑपरेशननंतर मात्र तो अगदी बारीक झाला होता. म्हणून तर या छोट्या ॲम्प्लिफायरला माईक जोडायचं ठरलं होतं!

“ऱ्हाऊ दे, पोरी,” आत्या म्हणाली. “मी नुसती ऐकसू.”

हसत म्हणाली खरी, पण झोक्याची दोरी तिनं घट्ट धरून ठेवली होती.

अर्पितची धाकटी बहीण आयुषी ॲम्प्लिफायरच्या जाळीला नाक लावून बसली होती. “दादा, याला वाळ्याचा वास येतोय!” आणि तिनं जाळीत अडकलेली एक काडी ओढून काढली.

प्लग काढून त्यांनी मागची फळी उघडली. स्पीकरचा कागद ओला होऊन, सुकून, पापडासारखा वाकडा झाला होता. मधोमध फाटलेलाही!

“वाळ्याचा कूलर आहे कुणाकडे?” सोनलनं विचारलं.

“आमच्या काकाजींच्या दुकानात!” दोघं भावंडं एकदम ओरडली.

साड्यांच्या दुकानात कन्हैयालाल काकाजी गादीवर बसले होते. “मी? त्या ॲम्प्लिफायरच्या पेटीला मी हातसुद्धा लावला नाही, बेटा!”

“बरं,” आयुषी भोळेपणानं म्हणाली. “मग आम्ही तिला गच्चीवर उन्हात ठेवतो. होईल बरी.”

“छे! काही होत नाही! मी काल दिवसभर वाळवून बघितली—”

काकाजींनी तोंडावर हात ठेवला.

“हात न लावता वाळवली?” सोनलनं विचारलं.

काकाजी ओशाळले. “अगं, परवा दुकानात आणून सेलची जाहिरात लावली होती तिच्यावर. एवढा उन्हाळा, बोलून बोलून पेटी तापली. दया आली मला! ठेवली कूलरसमोर. म्हटलं, तिलाही गार वाटू दे.”

अर्पितला रागही आला आणि हसूही.

“उद्या नवा स्पीकर आणून देतो, बस्स!”

“उद्या आत्या सासरी चालली,” सोनल म्हणाली. “आणि आज सणामुळे स्पीकरची दुकानं बंद आहेत.”

कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी स्पीकरच्या खोक्यातून भजन चालू होतं. अर्पितची नजर तिकडे गेली. काकाजींचीही. त्या भजनांशिवाय काकाजी दुकान उघडत नसत.

त्यांनी उठून स्वतःच त्याचा प्लग काढला. “खोला, बेटा.”

सोनलनं साड्यांच्या टेपनं मापलं. “गोल अगदी तेवढाच!”

“थांब, मागचा आकडा बघू,” अर्पित म्हणाला. “आपल्यावर आठ ओहम लिहिलंय. कमी असला तर ॲम्प्लिफायरवर ताण येईल.”

“आठच आहे!” आयुषीनं उडी मारली.

अंगणात काकाजींनी पेटीच्या आत टॉर्च धरला. लाल खुणेला लाल वायर, काळ्या खुणेला काळी.

“स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ,” सोनल म्हणाली. “एकदम नको!”

“टॉर्च हलवू नका ना, काकाजी!”

“अरे, घाम येतोय मला!”

“कूलर आणू?” आयुषीनं विचारलं, आणि सगळे खो खो हसले.

अर्पितनं आवाज अगदी कमी ठेवून एक तार छेडली. टण्ण! स्वच्छ, गोड!

संध्याकाळी झोका हलला. आत्यानं माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज बारीकच होता, पण अंगणभर पसरला. दुसऱ्या ओळीला बायांनी सूर मिसळला. सोनलच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

गाणं संपलं तशी आत्यानं तिघांना जवळ ओढलं. “शाबास रे पोरंहो!” मग मान उंचावून तिनं विचारलं, “मांगे ऐकू उनं का?”

सगळ्यांच्या मागे, फाटकापाशी, काकाजी उभे होते. त्यांनी हात उंचावला.

“उनं, स्पष्ट ऐकू आलं, कोकिळाताई! दुसरं गाणं होऊ द्या. माझी भजनं उद्या!”