मागच्या खिडकीतला घास

यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही. देविकाने हे स्वतः सांगितलं, आणि सांगता सांगता मध्येच उठून ती चूळ भरून आली.

गेल्या फेब्रुवारीतली दुपार. मस्कतजवळचा सिफाचा किनारा.

मस्कतच्या माबेला भागात राहणाऱ्या देविका आणि अंबरीशने एक जुनी कॅरव्हॅन घेतली होती. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. अंबरीशचा जीव जडला होता तिच्यावर. देविकाला मात्र तिच्या खिडक्यांचा वीट आला होता. एक ढकलून उघडली की दुसरीची कडी निसटायची. कडेचं रबर वितळून बोटांना काळं, चिकट लागायचं.

मागची खिडकी तर उघडायचीच नाही. तिला प्लॅस्टिकच्या दोन काचा. मध्ये बोटभर पोकळी, चारी बाजूंनी बंद.

जेवण झालं. त्यांची पहिलीतली लेक अस्मिता त्याच खिडकीखाली आडवी झाली.

देविकाला काचेवर डाग दिसला...

ओठांचा. तेलकट.

तिने फडक्याने पुसला. गेला नाही. बाहेर जाऊन पुसला. तरी गेला नाही.

डाग दोन काचांच्या मध्ये होता.

ती पुन्हा आत आली, तर अस्मिता गादीवर उभी. जीभ काचेला लावून चाटत होती.

"शी, अस्मी! काय घाणेरडेपणा आहे हा?"

"मम्मा, वेट ना. आधी तिचा टर्न असतो. मग माझा."

"कोणाचा?"

अस्मिताने काचेकडे बोट केलं. आतून लाळेचा एक ओघळ सावकाश खाली येत होता...

देविकाने लेकीला ओढून बाहेर आणलं.

अंबरीश हसला. "अगं, वाफ धरते जुन्या काचांत." स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने काच उतरवली, फट पाडली.

आंबूस, शिळ्या तोंडासारखा वास आला.

आत एक गोळा होता. चावलेली चपाती, बटाट्याची भाजी. त्याच दुपारची.

अजून कोमट.

अंबरीश वाळूत वाकून ओकला.

कॅरव्हॅन विकणाऱ्या मुस्तफाभाईंना त्याने तिथूनच फोन लावला. "भाई, मागच्या खिडकीच्या काचा किती जुन्या आहेत?"

"जुन्या कुठे? मीच नव्या बसवल्या," मुस्तफाभाई म्हणाले. "पहिल्या काचांत पण खरकटं सापडायचं. मला वाटलं, काच बदलली की खलास."

कॅरव्हॅन देविका-अंबरीशने भंगारात दिली. पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

अस्मिता आता ठीक आहे. शाळेत जाते, खेळते.

फक्त जेवताना शेवटचा घास ती गिळत नाही. चावते आणि गालात धरून ठेवते...

कोणासाठी, ते विचारायचं धाडस देविकाला अजून झालेलं नाही.